कवठीवरचं धुणं

कवठी नदी पातूरच्या मागच्या डोंगरातून निघते, गव्हाणखेडला अर्धा वळसा घालते आणि पुढे मोर्णेला मिळते. नकाशावर ती एक बारीक निळी रेघ आहे, तिला नावही दिलेलं नाही. गव्हाणखेडच्या लोकांना मात्र तिची चाल पाठ होती. भादव्यात ती पुलावरून जायची आणि एसटी अलीकडेच थांबायची. दसऱ्याला पाणी निवळायचं. दिवाळीनंतर घोट्याएवढी धार राहायची, पण ती होळीपर्यंत तुटत नसे. पुढे डोह उरत. डोहही आटले की वाळूत झिरा खणून हंडा भरता येई. भर मे महिन्यातही नदी पुरती मेली, असं कोणी म्हणत नसे.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. कपाशी कमरेला लागली होती, तूर तर डोक्याच्या वर गेली होती. आणि तरी दिवाळीचे दिवे विझले न विझले तोच कवठीची धार तुटली.

जमुनाबाई गावंडेंना ते सगळ्यांत आधी कळलं, कारण त्यांच्या म्हशी रोज दुपारी डोहात बसायच्या. नवऱ्याचं, खुशालरावांचं, लक्ष वावरात; म्हशी जमुनाबाईंच्या. दूध त्या स्वतः काढत, स्वतः विकत आणि त्या पैशांचा हिशेब कोणाला देत नसत. त्या दिवशी डोहावर गेल्या तर म्हशी चिखलात उभ्या होत्या आणि मासोळ्या उताण्या पडल्या होत्या.

थोडं खाली जाईबाई तायडे रिकामी घागर घेऊन उभ्या होत्या. त्यांचा अर्ध्या एकराचा भाजीचा तुकडा नदीला लागूनच होता, बौद्धपुऱ्याच्या खालच्या अंगाला. पालक, वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. पहाटे पातूरच्या बाजारात माल न्यायचा आणि दुपारपर्यंत परत यायचं. दोघी बायका तीस वर्षं याच नदीवर धुणं धूत आल्या होत्या. जमुनाबाईंचा दगड वरच्या अंगाला, जाईबाईंचा खालच्या. तसं कोणी ठरवलेलं नव्हतं आणि कोणी बदललंही नव्हतं.

"जमुनाबाई," जाईबाई म्हणाल्या, "पानी आटलं नाई. पानी कोनतरी अडवलं."

"पाऊस त एवढा झाला."

"तेच त मी म्हनून राहिली."

सरपंचांना सांगून झालं. सरपंच तालुक्याला जाऊन आले आणि तिथल्या साहेबांचं उत्तर घेऊन आले: कागदावर तो नाला आहे. नाले आटतात. त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही.

"नाला?" जाईबाईंनी विचारलं. "माहा सासरा याच नाल्यात वाहून गेला. तवा सरकारनं कागदावर नदी लिवली होती. मानूस मारते तवा नदी, अन् पानी पाजते तवा नाला?"

सरपंच हसले आणि घरी गेले. जाईबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून त्या जमुनाबाईंच्या अंगणात आल्या. त्या अंगणात त्या क्वचितच येत. त्यांनी दारातूनच हाक दिली, "चाला, वरतं जाऊन पाहू."

कपाशी वेचणीला आली होती, घरात माणसं कमी होती. जमुनाबाईंनी क्षणभर विचार केला, चप्पल पायात घातली आणि निघाल्या.

दोघी नदीच्या पोटातूनच वर चालत गेल्या. वाळू अजून ओलसर होती, पण पाण्याचा थेंब नव्हता. पहिल्या बंधाऱ्यावर शेवाळ वाळून पापडासारखं उचललं होतं. पुढे पळसाचं रान लागलं, मग सागाचं. डोंगर जवळ आला तसे दगड मोठे होत गेले. एका कपारीत ओंजळभर पाणी साचलं होतं, तिथं त्यांनी भाकरी खाल्ली. नेहमी या दिवसांत तिथं पाण्याचा एवढा आवाज असायचा की बोलायचं तर ओरडावं लागे. आज चावण्याचा आवाज ऐकू येत होता.

वळण ओलांडलं आणि समोर मातीची भिंत आली. दोन पुरुष उंचीची, दगड लावून नीट बांधलेली, वरून गाडी जाईल एवढी रुंद. पायथ्याशी पाणी सोडायची मोरी होती, तिचं लोखंडी दार बंद. दोघी हातापायांवर वर चढल्या.

पलीकडे कवठी होती. सगळीच्या सगळी. दरी भरून, निळीशार, हलत नव्हती. तिच्यावर हंसाच्या आकाराच्या नावा तरंगत होत्या, काठाला गवताच्या छपराच्या खोल्या होत्या आणि कुठूनतरी गाणं वाजत होतं.

"माय वो," जाईबाई एवढंच म्हणाल्या.

शिट्टी वाजवत एक वॉचमन धावत आला. त्याच्यामागून रिसॉर्टचं नाव छापलेला निळा टी-शर्ट घातलेला मॅनेजर आला. तो विपुल होता, जमुनाबाईंचा मुलगा.

विपुल घाटातल्या रिसॉर्टवर नोकरीला आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पहिला पगार झाला तेव्हा जमुनाबाईंनी स्वतः पेढे वाटले होते. अकोल्याची, अमरावतीची माणसं येतात, जेवतात, राहतात, एवढं तो सांगे. पाण्याचं कधी बोलला नव्हता.

"आई? तू इथं कशी?"

"नदी शोधत आली." जमुनाबाईंनी तळ्याकडे हात केला. "हे पानी कोनाचं?"

"शेठचं तळं आहे आई. बोटिंगसाठी."

"तळं शेठचं. पानी कोनाचं ते विचारून राहिली मी."

विपुलने वॉचमनकडे पाहिलं, मग जाईबाईंकडे, मग आपल्या बुटांकडे. "उन्हाळ्यात बांधलं. मला वाटलं, पावसाळ्यात भरलं की मोरी उघडी राहील, मग पाणी खाली जाईल."

"अन् नाई गेलं, हे तुले कवा समजलं?"

तो टी-शर्टची कड ओढू लागला. त्यावरूनच जमुनाबाईंना कळलं की त्याला ते बरेच दिवस ठाऊक आहे. दर रविवारी तो घरी येत होता, म्हशींचं दूध पीत होता, आणि त्याला ठाऊक होतं.

दोघी उतार उतरून परत निघाल्या. गाव दिसू लागलं तेव्हा जमुनाबाई थांबल्या.

"जाईबाई, धुनं किती दिवसाचं पडलं तुमच्याकडं?"

"नळ आठ दिवसांतून एकदा येते. गाठोडंच झालं."

"माह्याकडं गोधड्या बी हायेत. आपलं धुनं नदीवर असते ना? मंग नदी जिथी जाऊन बसली, तिथी धुवू."

जाईबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की झाडावरचे पोपट उडाले.

दुसऱ्या दिवशी गव्हाणखेडहून सात-आठ बायका आणि जमुनाबाईंच्या म्हशी डोंगराच्या वाटेला लागल्या. वॉचमनने फाटक लावलं. पण म्हशींना पाण्याचा वास आला होता आणि म्हशीला फाटक कळत नाही. त्या बाजूच्या तारेतून वाट काढत थेट काठावर गेल्या आणि हंसांच्या नावांमध्ये जाऊन बसल्या. त्याच वाटेनं बायका आत शिरल्या आणि नावांच्या धक्क्यावर त्यांनी गाठोडी सोडली. इथं वरचा दगड आणि खालचा दगड असं काही नव्हतं. एकच लांब सिमेंटचा उतार होता, त्यावर जागा मिळेल तिथं जी ती बसली. जाईबाईंची धुणी आपटण्याची लय पहिल्यापासून दणकट. धक्क्यावर तिचा आवाज घुमायला लागला.

खोल्यांमधून पाहुणे बाहेर आले. अकोल्याच्या एका कुटुंबातली लहान मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, "पप्पा, म्हैस बोटीत बसतेय!" तिच्या वडिलांनी मोबाइल काढला. संध्याकाळपर्यंत ते चित्रीकरण अकोल्याच्या निम्म्या मोबाइलांवर फिरलं होतं.

विपुल धावत आला. "आई, हे काय लावलंस? माझी नोकरी जाईल!"

जमुनाबाईंच्या हातात गोधडी होती. त्यांनी पिळायला तिचं एक टोक त्याच्यापुढे धरलं. "धर. एकटीनं पिळल्या जात नाई."

भोवती पाहुणे पाहत होते. विपुलचा हात नकळत पुढे झाला आणि मग त्याने तो मागे घेतला. ते टोक जाईबाईंनी धरलं.

तिसऱ्या दिवशी बायका दुप्पट झाल्या. बौद्धपुऱ्यातल्या पोरी आल्या, गावातल्या सासवा आल्या, खालच्या दोन खेड्यांतल्या बायकाही आल्या. त्यांच्याही विहिरी खोल गेल्या होत्या आणि त्यांनाही नाल्याचंच उत्तर मिळालं होतं. कपाशी वेचायला पहाटे जायचं, दुपारी धुणं घेऊन डोंगरात, दिवे लागायच्या आत घरी. पाय सुजत होते. घरचे पुरुष कुरकुरत होते. पण रोज संध्याकाळी कोणी ना कोणी विचारायचं, "उद्या कोन कोन येते?" आणि नाही म्हणणारी कोणी निघत नव्हती.

मग शेठ स्वतः आला. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, बोलणं गोड. तो बायकांशी बोललाच नाही. थेट गावात जाऊन खुशालरावांच्या ओट्यावर बसला, चहा घेतला आणि सांगितलं की गावासाठी तो स्वतःच्या खर्चाने बोअर मारून देईल. मोटार बसवून देईल, टाकीही बांधून देईल. फक्त हा तमाशा बंद व्हावा.

त्या रात्री खुशालराव जेवले. हात धुतल्यावर म्हणाले, "विपुलची माय, घेऊन घे आता. टाकीचं पानी दारात येईल. पोराची नोकरी बी राहील. एवढं तानावं काहून?"

जमुनाबाईंना ते पटलं होतं. खरंच पटलं होतं. त्यांचे गुडघे दुखत होते. विपुल तीन रविवार घरी आला नव्हता. गावाला पाणी मिळत असेल तर आणखी काय पाहिजे, असं मनाशी ठरवूनच सकाळी त्या जाईबाईंकडे गेल्या. बौद्धपुऱ्यात त्या एवढ्या आत कधी आल्या नव्हत्या. जाईबाईंनी खाट टाकली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"बोअर कुठी मारतीन?" त्यांनी विचारलं.

"मारोतीच्या पारापाशी म्हने. गावाच्या मधात."

"अन् टाकी?"

"तिथीच."

जाईबाईंनी परातीतल्या मेथीच्या जुड्या बांधता बांधता मान वर केली. "माही सासू सांगे, पाराजवळच्या हिरीवर तिले दोर टाकू देत नसत. आता तसं काई राहिलं नाई, मले मालूम हाये. पन बोअर गावात लागते बाई. नळाची लाइन तुमच्या गल्लीत संपते, आमच्याकडं पानी येते तुमची टाकी भरली का मंग. आली त आली. नदी तशी नाई. ते तुमच्या दारातून बी जाते अन् माह्या बी. तिले कोनाले विचारा लागत नाई." त्यांनी जुडी घट्ट आवळली. "तुमी बोअर घ्या. तुमच्यावर राग नाई. पन मी धुनं घेऊन वरतं जाईन. एकटी जाईन."

जमुनाबाई खाटेवर बसून राहिल्या. तीस वर्षं खालच्या दगडाला मिळालेलं पाणी आपल्या दगडावर आधी वापरून झालेलं होतं, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. लाज वाटली, पण ती दाखवण्याची त्यांना सवय नव्हती. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "एकटी काहून जाता? म्हशी कोन नेईन?"

दुपारी शेठ उत्तर ऐकायला धक्क्यावर थांबला होता. बायका आल्या. जमुनाबाई सर्वांत पुढे होत्या, डोक्यावर गाठोडं होतं.

"काय ठरलं बाई?"

"बोअर नोको."

"अहो, फुकट देतोय मी!"

"तेच त. आमचं पानी अडवून आमाले पानी दान देता. मोरी उघडा. धार खाली सोडा. मंग तुमच्या तळ्यात हंस ठेवा का बदक ठेवा, आमी पाहाले बी येत नाई."

"इथे नदी नाहीच, सरकारी कागद आहे माझ्याकडे."

"मंग आमी कुठी धुनं धुऊन राहिलो?" जाईबाई मागून ओरडल्या, आणि बायका अशा हसल्या की शेठ गाडीत जाऊन बसला.

संध्याकाळी पोलिसांची गाडी आली. अनधिकृत प्रवेश, नुकसान, पाहुण्यांना त्रास. जमुनाबाई आणि जाईबाईंना ठाण्यात नेलं. बाकीच्या बायका मागून टेम्पोत बसून आल्या आणि ठाण्याच्या आवारात ओले कपडे वाळत घालून बसल्या. ठाणेदार साहेब वयस्कर होते. त्यांनी खिडकीतून दोरीवरच्या साड्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला.

फिर्याद मॅनेजरच्या सहीने होती. विपुल टेबलाच्या पलीकडे खुर्चीवर बसला होता.

"नाव?" ठाणेदारांनी विचारलं.

"जमुना खुशालराव गावंडे."

"फिर्यादीशी नातं?"

विपुलची मान इतकी खाली गेली की हनुवटी छातीला लागली.

"लिवा," जमुनाबाई म्हणाल्या, "फिर्यादीची माय."

ठाणेदारांनी पेन खाली ठेवलं. विपुलकडे बघून म्हणाले, "मॅनेजर साहेब, फिर्याद परत घ्यायची असेल तर आत्ता सांगा." विपुलने तोंड उघडलं. पण बाहेर शेठ उभा होता. विपुलने तोंड पुन्हा मिटलं.

"नोको परत घेऊ," जमुनाबाई म्हणाल्या. "केस होऊ द्या. कोर्टात जज्जसाहेब त विचारतीन, बाई, तू कुठी धुनं धुत होती? मंग मी सांगीन, कवठी नदीत. सरकारच्या कागदावर पुन्हा एकदा त नदी लिवल्या जाईन."

रात्री त्यांना सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बायका पुन्हा धक्क्यावर होत्या.

आठवड्याभरात रिसॉर्टच्या खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. डिसेंबरच्या शेवटी सर्वांत जास्त पाहुणे यायचे, त्यांनीही पाठ फिरवली. म्हशी आणि साबणाचा फेस पाहायला कोणी पैसे देत नाही. अकोल्याच्या एका वर्तमानपत्रात फोटो आला, मग तहसीलदारांना यावंच लागलं. त्यांनी बांधावर उभं राहून परवानगीचा कागद मागितला. शेठने बराच वेळ बॅग धुंडाळली. तहसीलदार बांध फोडा म्हणाले नाहीत. चौकशी होईल, तोवर मोरी उघडी ठेवा, एवढंच म्हणाले.

मोरी उघडली तेव्हा खाली गावात सगळे काठावर जमले होते. पाणी लगेच आलं नाही. कोरड्या वाळूने आधी आपली तहान भागवली. पहिला डोह भरायलाच दुसरी सकाळ उजाडली. मग वाळलेली पानं, काटक्या आणि फेस पुढे ढकलत एक बारीक जीभ वळणावरून आली. आधी गावाच्या घाटावर, मग बौद्धपुऱ्याखाली. जाईबाईंनी पदर खोचून वांग्याच्या वाफ्यात पाणी नेणारा दांड मोकळा केला. म्हशी पाण्यात शिरल्या आणि त्यांना कोणी हाकललं नाही.

कवठी पहिल्यासारखी झाली नाही. बांध अजून उभा आहे, चौकशी अजून चालू आहे. पुढच्या साली मोरी दोनदा बंद झाली आणि दोन्ही वेळा बायका गाठोडी घेऊन वर गेल्या. दुसऱ्या वेळी त्या अर्ध्या वाटेवर असतानाच पाणी सुटलं. धार त्या साली संक्रांतीनंतरही काही दिवस टिकली, होळीपर्यंत मात्र नाही.

खटला पातूरच्या कोर्टात लागला. साक्षीची तारीख यायला वर्ष गेलं. त्याआधी शेठच्या वकिलांनी दोनदा निरोप आणला की माफीचे दोन शब्द लिहून द्या, प्रकरण मिटेल. दोघींनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. जाईबाईंच्या सुनेने विचारलं, "आई, दंड झाला तर?" त्या म्हणाल्या, "झाला त झाला. धुतलं ते खोटं थोडी हाये?"

तारखेला जमुनाबाई आणि जाईबाई कोर्टाच्या व्हरांड्यातल्या एकाच बाकावर बसल्या होत्या. विपुल मोटरसायकलवरून आला. तो वाळला होता. वर्षभरात तो घरी दोनदाच आला होता, दोन्ही वेळा नुसतं पाणी पिऊन गेला होता. तो खांबापाशी थांबला, मग जवळ आला.

"जेवला काय?" जमुनाबाईंनी विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली. त्यांनी डबा उघडून त्याच्या हातात भाकरी आणि झुणका दिला. तो उभ्या उभ्या जेवला. जेवण संपल्यावर हात रुमालाला पुसत म्हणाला, "आई, आत मला विचारतील. काय सांगू?"

"जे झालं ते. मी तारेतून आत आली, म्हशी आनल्या, गोधड्या धुतल्या. काईच लपवू नोको." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "फक्त पहिल्यापासून सांगजो. बांध कवा घातला, मोरी कवा बंद केली, कोनाच्या सांगन्यावरून केली. अर्धं सांगशीन त घरी येऊ नोको."

विपुलने रुमालाची घडी घातली.

"पुरं सांगितलं तर नोकरी जाईल," तो हळूच म्हणाला.

"जाईन," जमुनाबाई म्हणाल्या.

जाईबाईंनी बाकावरची पिशवी उचलून जागा केली. विपुल दोघींच्या मधे बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून दाराकडे पाहत राहिला.

आतून पट्टेवाल्याने नाव पुकारलं. आधी फिर्यादीचं. विपुल उठला, शर्ट नीट केला. आईकडे न बघता आत गेला, आणि आतून त्याचा आवाज आला. सुरुवातीला तो नीट ऐकू येत नव्हता. मग कोणीतरी त्याला मोठ्याने बोलायला सांगितलं.

"साहेब," तो म्हणाला, "गेल्याच्या गेल्या एप्रिलमध्ये आम्ही नदीवर बांध घातला, तिथून सांगतो."